पी. टी. उषा: एक शतांश सेकंद सोडून बाकीची कारकीर्द

चिंचपाला (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात लेकीच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. दुसरी आली. सोसायटीच्या गेटवर खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "काय गं, पी. टी. उषा का तू?" घरी येऊन बाईसाहेबांचा प्रश्न: "आई, ती पी. टी. उषा जिंकली होती का?"

मी पोळी उलटता उलटता सवयीनं सांगून टाकलं, "नाही गं, थोडक्यात हुकलं तिचं. एक शतांश सेकंदानं."

पोळी फुगली, आणि माझं मलाच खटकलं. एकाच एशियाडमध्ये चार सुवर्णपदकं आणणाऱ्या बाईबद्दल मी "नाही" म्हणाले. माझ्या आईनंही मला हेच सांगितलं होतं. आमच्या घरात पी. टी. उषा म्हणजे १९८४ चं लॉस एंजेलिस ऑलिंपिक, चौथा नंबर, अरेरे, संपलं. (कबुलीजबाब: पाचवीपर्यंत मला वाटायचं की पी. टी. म्हणजे शाळेतला पी.टी.चा तास, आणि ती फार छान पी.टी. करते म्हणून तिला तसं म्हणतात. ते घराण्याचं नाव आहे हे फार उशिरा कळलं.)

रात्री बसून सगळं पुन्हा वाचलं. जन्म २७ जून १९६४, कोळिकोड जिल्हा, वाढली पय्योळीत. १९७६ मध्ये केरळ सरकारनं कन्नूरला मुलींसाठी क्रीडा विभाग काढला, तिथे पहिल्या मुलींमध्ये ही. तिथेच ओ. एम. नंबियार भेटले, हवाई दलातून आलेले प्रशिक्षक. १९८० ला मॉस्को ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावली तेव्हा वय १६. हीटमध्येच (प्राथमिक फेरीत) बाहेर. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० आणि २०० मध्ये रौप्य. १९८३ ला कुवेतमध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ४०० ला सुवर्ण. म्हणजे लॉस एंजेलिसच्या आधीच ही मुलगी १००, २०० आणि ४०० अशा तिन्ही अंतरांत आशियातली पहिल्या फळीची होती. आणि ऑलिंपिकला उतरली कशात? चौथ्याच शर्यतीत, ४०० मीटर हर्डल्समध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत!

हे नंबियारांचं डोकं. माझा प्रश्न असा की त्या एका शर्यतीनं बाकीची वीस वर्षं गिळली का? जाणकारांनी भर घालावी. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांनी तर नक्कीच.

खडूस_पेन्शनर

धागा आवडला. वाचनखूण साठवली आहे.

मला तो दिवस आठवतो. अंतिम शर्यत ८ ऑगस्टची, म्हणजे आपल्याकडे ९ ऑगस्ट उजाडला होता, क्रांतिदिन. रेल्वे क्वार्टर्समध्ये आमच्या ओळीत एकच टीव्ही, तोही एशियाडच्या वेळी घेतलेला. पण बातमी आम्हाला रेडिओवरून कळली. आधी कोणीतरी ओरडत आलं "ब्राँझ मिळालं", पेढे आणायला पोरगं पिटाळलंसुद्धा. मग कळलं चौथी. पेढे आलेच होते, ते खाल्ले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

आमच्यासाठी ती "रेल्वेची पोरगी" होती. दक्षिण रेल्वेत नोकरीला. आमचे फोरमन तिची वेळ अशी सांगायचे, जशी काही ती आमच्याच शेडमधली. आजच्या पिढीला खेळाडूची रेल्वेतली नोकरी म्हणजे सरकारी सोय वाटते. त्या काळात तीच एक स्पॉन्सरशिप होती. पगार, पास आणि सरावाला सुट्टी.

संशयात्मा

वाईटपणा घेतो. आपण जरा जास्तच हळवे होतो आहोत का? १९८४ ला सोव्हिएत युनियन, पूर्व जर्मनी बहिष्कार टाकून आलेच नव्हते. त्या वर्षी जूनमध्येच सोव्हिएतच्या पोनोमार्योव्हानं ५३.५८ चा विश्वविक्रम केला होता. उषाची वेळ ५५.४२. जवळपास दोन सेकंदांचा फरक. सगळे आले असते तर चौथा नंबर तरी राहिला असता का? आणि आशियातली सुवर्णं म्हणाल तर त्या काळात आशियात स्प्रिंटला होतं कोण?

खेळाडू मोठीच, वाद नाही. पण देव्हारे नकोत.

आकडेमोड

@संशयात्मा, बहिष्काराचा मुद्दा बरोबर. पण अर्धाच सांगितलात. वॉर्सा करारातला (सोव्हिएत गटातला) एकच देश बहिष्कार मोडून लॉस एंजेलिसला आला होता: रोमेनिया. आणि ब्राँझ कोणी नेलं? रोमेनियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूनं. म्हणजे बहिष्कारानं उषाला जागा करून दिली असेल, तर त्याच बहिष्काराला पडलेल्या एकुलत्या एका भोकातून तिचं पदक गेलं.

आता त्या निकालातल्या पहिल्या सहा जणी देतो, कारण सगळे दोनच ओळी पाठ करतात.

१. नवाल अल मुतवक्किल, मोरोक्को, ५४.६१
२. जुडी ब्राउन, अमेरिका, ५५.२०
३. कोजोकारू, रोमेनिया, ५५.४१
४. उषा, ५५.४२
५. ॲन-लुईस स्कूग्लुंड, स्वीडन, ५५.४३
६. डेबी फ्लिंटॉफ, ऑस्ट्रेलिया, ५६.२१

पाचवी ओळ पुन्हा वाचा. ४१, ४२, ४३. स्कूग्लुंड १९८२ ची युरोपियन विजेती होती, आणि उषानं तिला एका शतांशानंच मागे टाकलं. पदक एका शतांशानं हुकलं हे चाळीस वर्षं ऐकतोय, चौथा नंबर एका शतांशानं *मिळवला* हे कोणाच्या तोंडी नाही.

आणि सहावी ओळ. हीच फ्लिंटॉफ चार वर्षांनी सोलला ५३.१७ मध्ये सुवर्ण जिंकली. दुसरी आलेली सोव्हिएतची लेदोव्स्काया, ५३.१८. पुन्हा एकच शतांश.

चिंचपाला

बापरे. पाचव्या ओळीकडे मीही कधी पाहिलं नव्हतं. @आकडेमोड, दंडवत.

गावठी_हर्डलर

मी स्वतः शाळा-कॉलेजात ४०० हर्डल्स पळलोय, जिल्ह्याच्या वर कधी गेलो नाही. मुरमाचं मैदान, फक्कीच्या रेघा, आणि हर्डल म्हणजे सुताराकडून ठोकून घेतलेली लाकडी घोडी. पाय लागला तर घोडी पडत नसे, पोरगं पडायचं. डाव्या नडगीवर अजून खूण आहे. त्यामुळे थोडं लांबण लावतो, माफी असावी.

या शर्यतीत सुरुवातीपासून पहिल्या हर्डलपर्यंत ४५ मीटर, मग दर ३५ मीटरवर एक असे दहा, आणि शेवटच्या हर्डलनंतर ४० मीटर मोकळी धाव. बायकांचं हर्डल अडीच फुटी. उंची फारशी नाही, पण खरा खेळ उडीचा नाहीच, पावलं मोजायचा आहे. दोन हर्डलमध्ये पंधरा पावलं टाकली तर दर वेळी तोच पाय पुढे येतो. दमल्यावर पाऊल आखूड होतं, पंधराची सोळा झाली की उलटा पाय पुढे. तो पाय घोटून तयार केलेला नसेल तर हर्डलसमोर माणूस चक्क अडखळतो, अंगणात साप दिसल्यासारखा. म्हणून एकदम सतरावर जायचं. हे गणित अंगात मुरायला वर्षं जातात. उषानं ही शर्यत गंभीरपणे धरली ऑलिंपिकच्या काही महिने आधी! दिल्ली एशियाडमध्ये या शर्यतीचं सुवर्ण आपल्याच एम. डी. वलसम्मानं घेतलं होतं, उषा तेव्हा १०० आणि २०० पळत होती.

नंबियारांनी काय पाहिलं? १०० ला ती कितीही पळाली तरी जगात फायनल गाठणं अवघड. बायकांची ४०० हर्डल्स मात्र ऑलिंपिकमध्ये १९८४ लाच पहिल्यांदा आली. नवी शर्यत, अजून गर्दी कमी. पल्लेदार पावलाची स्प्रिंटर तिथे घुसवायची. चौकात दुकान टाकायला जागा नसेल तर नव्या वस्तीत गाळा घ्यावा, तसं. सेमीफायनलला पोरगी ५५.५४ पळाली, जुडी ब्राउनच्या पुढे! गाळा बरोबर घेतला होता.

फायनलला पहिल्यांदा फॉल्स स्टार्ट झाला, म्हणजे इशाऱ्याआधीच कोणीतरी सुटलं. उषानं नंतर बऱ्याचदा सांगितलंय की तिची ती सुरुवात झकास होती, आणि परत उभं राहावं लागल्यावर लय गेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं त्यात काय एवढं. पण ब्लॉकमधून सुटून दहा-वीस मीटर जीव तोडून गेल्यावर परत मागे चालत यायचं, म्हणजे मोजून ठेवलेली पावलं डोक्यातून सांडतात.

आणि शेवट. वेळ धडाची मोजतात, डोक्याची किंवा पायाची नाही. म्हणून शेवटच्या पावलाला छाती पुढे टाकायची असते. तिनं ती टाकली नाही, हे तीही म्हणते. ४०० मीटरला ५५.४२ सेकंद म्हणजे सेकंदाला सव्वासात मीटरच्या आसपास. एका शतांशात सात सेंटिमीटर. आपल्या भाषेत चार बोटं.

खडूस_पेन्शनर

स्वर्ग दोन बोटं उरतो म्हणतात. इथे चार उरली.

पेडणेकरीण

अवांतर: त्या ऑलिंपिकमध्ये तिला खाण्याचे हाल झाले. तिनेच एका मुलाखतीत सांगितलंय, क्रीडाग्रामात अमेरिकन जेवण, आपल्याकडचं काही नाही, म्हणून पेज आणि आंब्याचं लोणचं यांच्यावर दिवस काढले. शेवटच्या ३५ मीटरला ताकद कमी पडली त्याला हेही कारण, असं तिचं म्हणणं.

आमच्याकडे सकाळी दहाची पेज ठरलेली, त्यामुळे पेजेक नावां ठेवूंक मी तयार ना! पण दिवसभर तीच पेज आणि वर ऑलिंपिक फायनल, हे काही खरं नाही. बरोबर आहारतज्ज्ञ नाही, डॉक्टरांचा ताफा नाही, प्रशिक्षक एक. आज जिल्ह्याच्या क्रिकेट टीमबरोबर याहून जास्त माणसं असतात.

अवांतरात अवांतर: बायकांच्या स्प्रिंटचा विषय निघालाय तर मेरी डिसूझांचं नाव यायलाच हवं. मूळ गोव्याच्या, वाढल्या वांद्र्यात. १९५२ ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० धावल्या. १९५१ च्या पहिल्या एशियाडमध्ये २०० ला ब्राँझ, १९५४ ला मनिलात रिलेचं सुवर्ण. वर हॉकीही खेळायच्या. आमच्या आजीच्या वेळची "पी. टी. उषा" ती.

संशयात्मा

मेरी डिसूझांबद्दल माहीत नव्हतं, धन्यवाद. हर्डलरभाऊंचा प्रतिसाद तर वेगळा धागा काढण्याच्या लायकीचा.

पण माझा दुसरा प्रश्न तसाच आहे. आशियात होतं कोण?

आकडेमोड

लिडिया डी व्हेगा होती! फिलिपिन्सची, उषाच्याच वयाची. तिला तिचे वडीलच शिकवायचे. ही जोडी ज्यांनी पाहिली नाही त्यांना उषाची कारकीर्द अर्धीच कळली.

१९८२, दिल्ली, १०० मीटर: लिडिया पहिली, उषा दुसरी.
१९८५, जकार्ता, आशियाई अजिंक्यपद: उषानं लिडियाला १०० मध्ये हरवलं.
१९८६, सोल एशियाड: लिडिया ११.५३, उषा ११.६७. पुन्हा उषाला रौप्य.

म्हणजे १०० मीटरचं एशियाड सुवर्ण उषाला कधीच मिळालं नाही. मला विचाराल तर लॉस एंजेलिसपेक्षा हे दुःख खरं असावं. तिथे ती पहिल्या तिघींत येईल असं कोणी गृहीत धरलं नव्हतं, इथे ती जिंकायलाच उतरायची. (लिडिया ऑगस्ट २०२२ मध्ये कर्करोगानं गेली.)

आता जकार्ता. १००, २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ x ४०० रिले अशी पाच सुवर्णं. वर ४ x १०० रिलेचं ब्राँझ. एकाच स्पर्धेत, हीट्स वगैरे धरून. १०० आणि ४०० हर्डल्स या दोन शर्यती एकाच शरीरानं जिंकायच्या म्हणजे एकाच गड्यानं सकाळी ठुमरी आणि दुपारी पोवाडा गाऊन दोन्हीकडे बिदागी घेण्यासारखं आहे. दोन्ही गाणीच, पण गळा वेगळा लागतो.

आणि १९८६ चं सोल. भारताची त्या एशियाडमधली एकूण सुवर्णं ५. त्यातलं एक कुस्तीत कर्तार सिंगचं. उरलेली चार: २००, ४००, ४०० हर्डल्स आणि ४ x ४०० रिले. चारही उषाची, रिलेत अर्थात बाकी तिघींसह. ती एक मुलगी आजारी पडली असती तर सगळा देश एका सुवर्णावर परत आला असता. आता बोला, देव्हारा.

गावठी_हर्डलर

त्याच सोलमध्ये शायनी अब्राहम ८०० ला पुढे पळत होती आणि लेन लवकर सोडली म्हणून बाद झाली. नाहीतर सहावं आलं असतं. नियम साधाच, ठरावीक रेघेपर्यंत आपली लेन सोडायची नाही. पण जोशात पाय आत वळतो. मी तालुक्याला हेच केलंय, फरक इतकाच की मी शेवटून दुसरा होतो, त्यामुळे बाद केलं काय न केलं काय.

संशयात्मा

बरं, शरण. पाचपैकी चार हे माहीत नव्हतं.

तरीही १९८८ चं काय? सोल ऑलिंपिकला तिच्याकडून केवढ्या अपेक्षा होत्या. हीटमध्येच संपलं.

खडूस_पेन्शनर

टाच दुखावलेली होती, तशीच उतरली. हीटमध्ये शेवटची आली. त्यानंतर पेपरांतून आणि नाक्यानाक्यावर जे बोललं गेलं ते आठवलं की आजही शरम वाटते. त्यात मीही होतो, लपवत नाही. शेडमध्ये चहाच्या वेळी मीच म्हणालो होतो की आता हिनं थांबावं. तेव्हा तिचं वय चोवीस! आमच्या धाकट्याला चोवीसाव्या वर्षी नोकरीही लागली नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९८९ ला, दिल्लीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. चार सुवर्णं, दोन रौप्यं. त्या दिवशी चहाच्या वेळी शेडमध्ये माझी चांगलीच उतरवली गेली.

चिंचपाला

काका, प्रामाणिकपणाला दाद.

मला सगळ्यात भावला तो पुढचा भाग. १९९० च्या बीजिंग एशियाडमध्ये तीन रौप्यं घेऊन ती थांबली. १९९१ मध्ये लग्न, मग मुलगा. आपल्याकडे या वाक्यानंतर बाईच्या खेळाची गोष्ट संपते. ही परत आली! १९९४ ला हिरोशिमात रिलेचं रौप्य. १९९८ ला जपानमध्येच फुकुओकाला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २०० आणि ४०० अशा दोन्हींत ब्राँझ, आणि ४ x १०० रिलेचं सुवर्ण. वय ३४. समोरच्या काही पोरी तिच्या पहिल्या एशियाडच्या वेळी पाळण्यात असतील. २००० मध्ये पूर्ण थांबली.

मॉस्को १९८० ते २०००. मधली ती एक पहाट किती लहान दिसते.

पेडणेकरीण

आणि नंबियार सर? कोणीतरी त्यांच्याबद्दल लिहा की. पय्योळीच्या किनाऱ्यावर वाळूत पळवून तयार केलं म्हणे. वाळूत पळणं काय असतं ते आम्हां किनाऱ्यावरच्यांना विचारा. कोरड्या वाळूत पाऊल रुततं, ओल्या पट्ट्यात जरा बरं, पण तो पट्टा उतरता. शंभर पावलांत पोटऱ्या भरून येतात.

आकडेमोड

द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला. पहिल्याच वर्षी तिघांना मिळाला: कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत, बॉक्सिंगचे ओमप्रकाश भारद्वाज आणि हे नंबियार. शिष्येला पद्मश्री १९८५ मध्ये, गुरूंना २०२१ मध्ये. छत्तीस वर्षांनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. यावर टिप्पणी करत नाही.

उषा स्वतः पुढे प्रशिक्षक झाली. कोळिकोड जिल्ह्यातच तिची शाळा आहे, ८०० मीटरची टिंटू लुका तिथलीच. २०२२ मध्ये राज्यसभेवर नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी भारतीय ऑलिंपिक संघटनेची अध्यक्ष. (त्या कारभारावर चर्चा करायची असेल तर कृपया वेगळा धागा काढा, इथे नको. मला अनुभव आहे.)

संशयात्मा

हाहा, मी तेच टंकायला घेतलं होतं. खोडलं.

एक मात्र खरं की ते पदक मिळालं असतं तर चित्र वेगळं असतं. १९५२ ला आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, त्यानंतर वैयक्तिक पदक थेट १९९६ ला पेसचं. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या रिकाम्या पट्ट्यातच ते चार बोटांचं अंतर आहे. त्यामुळे लोक विसरत नाहीत यात लोकांचीही चूक नाही. १९८४ ला आपलं एकही पदक नव्हतं. रडायला एवढी एकच जागा होती.

गावठी_हर्डलर

हा मुद्दा पटला. +१

अजून एक राहिलं, तेच खरं सांगायला परत आलो. ५५.४२ हा राष्ट्रीय विक्रम किती टिकला माहीत आहे का? ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ एशियाड. कोइम्बतूरची विथ्या रामराज हीटमध्ये पळाली आणि बोर्डावर आकडा आला ५५.४२. मोडला नाही, बरोबरी केली! एकोणचाळीस वर्षं. मधल्या काळात सिंथेटिक ट्रॅक आले, स्पाइक्स बदलले, परदेशी प्रशिक्षक आले, आहारतज्ज्ञ आले, आणि तरी आकडा शतांशासकट तोच. फायनलला तिनं ब्राँझ घेतलं, ५५.६८.

मी तेव्हा दुकानात मोबाइलवर बघत होतो. गिऱ्हाईक समोर उभं. त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांबा. तो म्हणाला काय झालं? आता त्याला काय सांगणार. म्हटलं, आमच्या गावाकडची एक जुनी बाकी होती, तिचा आकडा आज जुळला.

चिंचपाला

हे वाचून आत्ता लेकीला हाक मारली. @आकडेमोड यांची यादी दाखवली आणि सांगितलं की आईनं तुला चुकीचं उत्तर दिलं होतं. जकार्ता, सोल, दिल्ली, फुकुओका सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण हर्डल म्हणजे नक्की काय?"

@गावठी_हर्डलर, आठ वर्षांच्या मुलीला हर्डलची सवय लावायची तर घरच्या घरी काय वापरता येईल? सुताराची घोडी सांगू नका.

गावठी_हर्डलर

ताई, दोन रिकाम्या बाटल्या घ्या, वर आडवी झाडूची काडी ठेवा. पाय लागला तर पडली पाहिजे, एवढं बघा. उंची तिच्या गुडघ्याच्या खालीच ठेवा. उडी मारू देऊ नका, पळता पळता ओलांडू दे. आणि पावलं मोजायला सांगा, मोठ्यानं.